चार हात जमीन पाहून

मुनिमहाराजांचा विहार आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. नजर समोरच्या चार हात जमिनीवर, हातात पिच्छी, पाऊल सावकाश. वाटेत मुंग्यांची रांग असेल, ओल असेल, हिरवळ असेल, तर महाराज थांबतात, बाजूने जातात, नाहीतर सरळ मागे फिरतात. याला आपण ईर्यासमिती म्हणतो. लहानपणापासून कानावर पडलेला शब्द, त्यामुळे त्याचं आता फारसं काही वाटत नाही. पण गेल्या साठेक वर्षांत माणसाने चंद्रावर, शुक्रावर, मंगळावर यंत्रं उतरवली, त्याचा इतिहास वाचत गेले तेव्हा हाच शब्द मला पुन्हा पुन्हा आठवत राहिला. पाऊल टेकण्याआधी जमीन पाहायची, आणि जे दिसलं ते मानायचं, हे शिकायला मोठमोठ्या देशांनाही बरीच यानं गमवावी लागली.

आधी एक गोष्ट ध्यानात घेऊ. या यानांत माणूस बसलेला नसतो, आणि जमिनीवरूनही कुणी त्यांना मोटारीसारखं चालवत नसतं. चंद्र त्यातल्या त्यात जवळ, तिथे रेडिओचा संदेश सव्वा सेकंदात पोचतो. मंगळाचं तसं नाही. दोन ग्रह किती जवळ-लांब आहेत त्याप्रमाणे संदेशाला ३ पासून २२ मिनिटं लागतात. मंगळाच्या हवेत शिरल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत मात्र सातच मिनिटं. म्हणजे इथून आपण ‘सांभाळ’ म्हणावं आणि ते तिथे ऐकू जावं, तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं. त्यामुळे यानाला सगळं आधीच शिकवून पाठवावं लागतं. लेकीला सासरी पाठवताना आई जसं सांगते, असं झालं तर असं कर, तसं झालं तर तसं, त्यातलाच प्रकार.

वाटेत यानाला पहिला प्रश्न पडतो तो ‘मी कुठे आहे?’ हा प्रश्न आपल्या माळव्याला नवा नाही. भोपाळहून चार तासांच्या वाटेवर उज्जैन आहे. ग्रीनिचच्या कितीतरी आधी आपल्या ज्योतिर्विदांनी रेखांशाची शून्य रेषा उज्जैनवरून धरली होती. अठराव्या शतकात सवाई जयसिंहांनी तिथे वेधशाळा बांधली. ती पडझडीला आली, तेव्हा १९२३ मध्ये शिंदे सरकारने दुरुस्त करून घेतली आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी गणितज्ञांनी तिचे पहिले अधीक्षक म्हणून काम पाहिलं. दगडी भिंतीच्या सावलीवरून वेळ आणि जागा ठरवायची, हे त्या वेधशाळेचं काम.

आता तेच काम बंगळुरूजवळच्या ब्यालालू गावातली ३२ मीटर रुंदीची तबकडी करते. ती यानाकडे संदेश पाठवते आणि तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढते. यानाचा वेग कळतो तो लहरींच्या चढ-उतारावरून. भोपाळ जंक्शनवर न थांबणारी गाडी शिटी वाजवत जाते, ती जवळ येताना शिटी चढ्या सुरात ऐकू येते आणि पुढे निघून गेली की सूर उतरतो. रेडिओच्या लहरींचंही तसंच होतं. तोंड कुठल्या दिशेला आहे हे कळायला यानावर ताऱ्यांचे फोटो काढणारा कॅमेरा असतो. तो समोरचं आकाश आपल्याजवळच्या ताऱ्यांच्या नकाशाशी जुळवून पाहतो.

एवढी साधनं असूनही घोटाळे होतातच. २३ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळापाशी पोचलं आणि नाहीसं झालं. चौकशीत निघालेलं कारण वाचून हसावं की रडावं कळत नाही. एका गटाच्या संगणकाने इंजिनाचा जोर पौंडांच्या मापात दिला होता आणि दुसऱ्या गटाने तो न्यूटन या मेट्रिक मापातला आहे असं धरून हिशोब केला. आपण व्यापारी घरांतल्या बायका. एका वहीत शेर आणि दुसऱ्या वहीत किलो लिहून कुणी बेरीज केली तर दुकानाचं काय होईल, हे आपल्याला कुणी सांगायला नको. त्याहून वाईट म्हणजे, प्रवास चालू असतानाच हिशोबात थोडा फरक पडतोय हे काही जणांच्या लक्षात आलं होतं. पण त्याचा छडा शेवटपर्यंत कुणी लावला नाही.

आपलं मंगळयान या बाबतीत शिकण्यासारखं आहे. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी ते श्रीहरिकोट्याहून निघालं. मंगळाजवळ वेग कमी करायला जे मोठं इंजिन लागणार होतं, ते वाटेत जवळजवळ ३०० दिवस बंद होतं. इतके दिवस निजलेलं इंजिन ऐनवेळी उठेल का? ‘उठेल की!’ असं म्हणून इस्रोने सोडून दिलं नाही. दोन दिवस आधी, २२ सप्टेंबर २०१४ रोजी, ते चारेक सेकंद चालवून पाहिलं. नसतंच उठलं तर लहान इंजिनांवर भागवण्याचीही तयारी ठेवली होती. २४ तारखेला ते इंजिन सुमारे २४ मिनिटं चाललं. त्यातला काही वेळ यान मंगळाच्या आड होतं, पृथ्वीवर काहीच कळत नव्हतं. यान कक्षेत गेलं आणि पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत पोचणारा भारत हा पहिला देश ठरला.

मंगळयान मंगळाभोवती फिरलं, उतरलं नाही. उतरणं ही निराळीच विद्या आहे.

३ फेब्रुवारी १९६६ रोजी रशियाचं लूना ९ चंद्रावर न फुटता टेकलं, हे पहिलं. १५ डिसेंबर १९७० रोजी व्हेनेरा ७ शुक्रावर पोचलं आणि तिथल्या भट्टीसारख्या जमिनीवरून त्याने संदेश पाठवले. दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून आलेले ते पहिले संदेश. पुढच्या वर्षी २ डिसेंबरला मार्स ३ मंगळावर टेकलं आणि थोड्याच वेळात कायमचं गप्प झालं. या सगळ्या यानांना जणू डोळेच नव्हते. खाली काय आहे ते न पाहता उतरायचं. सपाट जागा मिळाली तर नशीब, धोंडा आला तर संपलं.

त्या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं होत होती आणि व्हायकिंग १ हे यान बरोबर ४ जुलैला मंगळावर उतरवायचं ठरलं होतं. केवढा मोठा मुहूर्त! पण मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने फोटो पाठवले, त्यांत ठरलेली जागा खडबडीत दिसली. शास्त्रज्ञांनी मुहूर्त सोडला, दुसरी जागा शोधली आणि २० जुलैला यान सुखरूप उतरवलं. लग्नाच्या मुहूर्तासाठी आपण किती गोष्टी रेटून नेतो, ते आठवून मला या माणसांचं कौतुकच वाटलं.

उलट उदाहरणही आहे. ३ डिसेंबर १९९९ रोजी मार्स पोलर लँडर मंगळावर उतरताना हरवला. चौकशी समितीला सगळ्यात संभवनीय वाटलेलं कारण असं: हवेत असताना लँडरचे पाय उघडले, त्याचा हिसका बसला आणि संगणकाला वाटलं की जमीन आली. त्याने इंजिन बंद केलं. जमीन तेव्हा साधारण ४० मीटर खाली होती.

आता आपल्या विक्रमकडे येऊ. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे पॅराशूटचा उपयोग नाही. वेग मारायचा तो इंजिनांनीच. विक्रम उतरायला लागतो तेव्हा चंद्राच्या जमिनीपासून सुमारे ३० किलोमीटर उंच असतो, म्हणजे भोपाळ ते आपलं भोजपूर एवढं अंतर उभं करावं तितका. आणि आडवा वेग सेकंदाला १.६८ किलोमीटर. भोपाळहून इंदूरला गाडीने तीन-साडेतीन तास लागतात, या वेगाने दोन मिनिटंही लागणार नाहीत. हा सगळा वेग २० मिनिटांच्या आत जिरवून, आडवं चाललेलं यान उभं करून, पिसासारखं टेकवायचं.

७ सप्टेंबर २०१९ च्या मध्यरात्रीनंतर चंद्रयान-२ चा विक्रम उतरायला निघाला आणि जमीन सुमारे २ किलोमीटर राहिली असताना त्याचा संपर्क तुटला. त्या मोहिमेच्या प्रकल्प संचालक मुथय्या वनिता आणि मोहीम संचालक रितू करिधाल, दोघीही बायका. इतक्या वर्षांची मेहनत काही मिनिटांत गेली. नेमकं काय बिघडलं ते सविस्तर लोकांना कळायला २०२३ उजाडावं लागलं. तेव्हा इस्रोचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी ते सांगितलं. पाच इंजिनं धरली होती त्यापेक्षा जास्त जोर देत होती. मधल्या टप्प्यात यानाला फोटो काढण्यासाठी स्थिर राहायचं होतं, त्यामुळे चूक लगेच सुधारता आली नाही, ती साठत गेली. सुधारायची वेळ आली तेव्हा यानाला झटकन वळायचं होतं, पण किती वेगाने वळायचं यावर प्रोग्रॅममध्येच बंधन होतं. आणि उतरायची जागा ठरवून दिली होती फक्त ५०० मीटर लांब, ५०० मीटर रुंद. तिथेच पोचायचं म्हणून यान उतरता उतरता वेग वाढवत राहिलं.

यानंतर जे झालं त्याला मी आलोचना म्हणेन. आपण प्रतिक्रमणात दोष आठवतो, कबूल करतो आणि पुन्हा होऊ नये म्हणून नियम घेतो. इस्रोने तेच केलं. सोमनाथ यांनी सांगितल्याप्रमाणे, आधीचं यान सगळं नीट होईल असं धरून आखलेलं होतं. चंद्रयान-३ काय काय बिघडू शकतं हे आधी धरून आखलं. सेन्सर बंद पडला तर? इंजिन कमी चाललं तर? हिशोब चुकला तर? अशा प्रत्येक ‘तर’ला उत्तर तयार केलं. पाचातलं मधलं इंजिन काढून टाकलं. पाय मजबूत केले, सेकंदाला ३ मीटर वेगाने आपटला तरी टिकावा असे. इंधन जास्त दिलं. उतरण्याची जागा सुमारे ४ किलोमीटर लांब आणि अडीच किलोमीटर रुंद केली. लेसरने वेग मोजणारं नवं उपकरण बसवलं. हेलिकॉप्टरला बांधून सेन्सर तपासले, क्रेनला टांगून इंजिनं तपासली, चंद्रासारखी माती पसरून तिच्यावर पाय आपटून पाहिले.

उपकरणंही एकावर भरवसा ठेवून बसवलेली नाहीत. उंची रडारही मोजतं, लेसरही मोजतो. वेग लेसर सांगतो, कॅमेराही सांगतो. प्रत्येकाला सत्याची एक बाजू दिसते आणि संगणकाने सगळ्यांचं ऐकून निर्णय घ्यायचा. अनेकांतवाद शिकवताना आपण हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगतो, त्याऐवजी हे सांगितलं तरी चालेल. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एका जपानी कंपनीचं हाकुतो-आर हे यान चंद्रावर उतरत होतं. विवराच्या काठावरून जाताना खालची जमीन एकदम सुमारे ३ किलोमीटर खोल गेली आणि रडारने ते बरोबर सांगितलं. पण संगणकाला रडारच बिघडलंय असं वाटलं. त्याने खरं सांगणाऱ्याचंच ऐकणं सोडलं, जमीन जवळ आहे असं समजून वरच तरंगत राहिला, इंधन संपलं आणि यान कोसळलं.

२३ ऑगस्ट २०२३ ला आपला चातुर्मास चालू होता. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास विक्रमने उतरायला सुरुवात केली. त्यानंतर बंगळुरूच्या खोलीत बसलेल्यांच्या हातात पाहण्यापलीकडे काही नव्हतं. जमीन १५० मीटरवर आली तेव्हा विक्रम अधांतरी थांबला. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने बनवलेल्या कॅमेऱ्याने खालची जमीन न्याहाळली: खड्डा कुठे, धोंडा कुठे, उतार किती. संगणकाने जागा निवडली आणि ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम टेकला. माझ्या मते त्या २० मिनिटांत सगळ्यात मोलाचं होतं ते ते थांबणं. इंधन जळत असताना, सगळा देश डोळे लावून बसलेला असताना, थांबून आधी जमीन पाहायची. चार हात नाही, दीडशे मीटर. पण रीत तीच. चारच दिवस आधी, १९ ऑगस्टला, रशियाचं लूना २५ चंद्रावर आपटलं होतं. त्याचं इंजिन ८४ सेकंद चालायचं ते १२७ सेकंद चाललं.

आता आपल्या समाजातला प्रश्न. स्वाध्यायात तो हमखास निघतो. शास्त्रात चंद्र हे ज्योतिष्क देवांचं विमान, जंबूद्वीपात दोन सूर्य, दोन चंद्र. मग हे उतरले कुठे? काहीजणी हळू आवाजात विचारतात, काहीजण यान उतरलंच नाही म्हणून मोकळे होतात. मला वाटतं, जे डोळ्यांसमोर झालं ते नाकारण्यात धर्माची कसलीच सेवा नाही. आपल्या आचार्यांनी त्यांच्या काळी जेवढं मोजता आलं तेवढं अतिशय चिकाटीने मोजलं, ती चिकाटी आपण घ्यावी. आणि त्यांनी आचरणाबद्दल जे सांगितलं ते कुठल्या यानामुळे जुनं झालेलं नाही, हे तर या सगळ्या इतिहासातच दिसतं.

लँडरचं नाव विक्रम साराभाईंवरून आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. ते अहमदाबादच्या जैन घराण्यातले, हेही आपण आवर्जून सांगतो. यानाला वर नेणाऱ्या रॉकेटच्या मोठ्या बूस्टरांचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात तयार झाले, आणि तो कारखाना सोलापूरच्या दिगंबर जैन घरातल्या वालचंद हिराचंदांच्या उद्योगातून उभा राहिला. अभिमान वाटावा असंच आहे. फक्त त्याचा मान-कषाय होऊ नये. नाव घेणं सोपं असतं. साराभाईंच्या नावाचा एक विक्रम चंद्रावर फुटला, दुसरा टिकला, आणि दोघांच्या मधली चार वर्षं दोष शोधण्यात गेली. वारसा सांगायचाच तर त्या चार वर्षांचा सांगावा.

भोपाळमध्ये राहून ‘काय बिघडू शकतं हे आधी धरा’ हे वाक्य नुसतं वाचून सोडता येत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरलं. सुरक्षेचे उपाय तिथे नव्हते असं नाही, एकाहून जास्त होते. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंद होती. वायू धुऊन निरुपद्रवी करणारं यंत्र तयार स्थितीत नव्हतं. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढून ठेवला होता. पाण्याचे फवारे होते, ते वायू जिथून सुटत होता तेवढ्या उंचीवर पोचत नव्हते. इथले पत्रकार राजकुमार केसवानी १९८२ पासून लिहून सावध करत होते. कुणी ऐकलं नाही. हजारो माणसं गेली, आणि गॅस लागलेली माणसं आजही आपल्या गल्लीत, आपल्या ओळखीत आहेत.

तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला आधी ठेवलं आहे. बेफिकीर मनाने केलेल्या कृतीतून कुणाचे प्राण जाणं, ती हिंसा. मी मारायला निघालो नव्हतो, हे उत्तर तिथे चालत नाही. ‘बघू नंतर’, ‘आजवर काही झालं नाही ना?’, ‘एक यंत्र बंद आहे तर काय, दुसरं आहे’, ही सगळी वाक्यं त्या प्रमादातच मोडतात. ज्या यानात एकही जीव नाही, त्याच्यासाठी प्रत्येक ‘तर’ला उत्तर शोधलं जातं, आणि जिथे भोवती वस्ती होती तिथे साधा पाइप जोडून ठेवला गेला नाही. ही तुलना मला बोचते. चंद्रावर उतरण्याची अक्कल आपल्याकडे आहे हे एकदा सिद्ध झाल्यावर, जमिनीवरच्या निष्काळजीपणाला ‘आमच्याकडे असंच चालतं’ हे कारण उरत नाही. कारखान्यात नाही, इस्पितळात नाही, मुलांच्या शाळेच्या बसमध्ये नाही, आणि आपल्या मंदिराच्या जत्रेतल्या तात्पुरत्या मांडवात आणि उघड्या वायरींतही नाही. पाणी गाळून पिणाऱ्या, धान्य निवडून घेणाऱ्या, दिवस मावळायच्या आत चूल विझवणाऱ्या बायकांना ‘आधी पाहा’ हे वेगळं शिकवावं लागत नाही. फक्त ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर आणायला हवं, आणि समितीच्या बैठकीत विचारायला हवं: हे बंद पडलं तर काय करणार?

विक्रमच्या पोटातून प्रज्ञान नावाची २६ किलोची छोटी गाडी बाहेर आली होती. २७ ऑगस्टला तिच्यासमोर ४ मीटर रुंदीचा एक खड्डा आला. तो ३ मीटरवर असतानाच कॅमेऱ्यात दिसला. बंगळुरूहून तिला मागे फिरायला सांगितलं. ती आपल्याच चाकांच्या खुणांवरून मागे आली आणि दुसऱ्या वाटेने निघाली.